आधी चाचपडू द्या, मग चाल

अंधांच्या बुद्धिबळाच्या पटाला प्रत्येक घरात एक भोक असतं आणि मोहऱ्याच्या बुडाला खुंटी. काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच, आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बोटाला कळेल अशी खूण. ‘हात लावला तो मोहरा हलवायचा’ हा नियम इथं जरा वेगळा चालतो. मोहरा भोकातून उपसला तरच त्याला हात लावला असं धरतात. तोवर दोन्ही हात पटभर फिरवा, समोरच्याचा वजीर कुठं आहे ते दहा वेळा चाचपून बघा, कुणी हरकत घेत नाही.

हे मी सातवीत असताना, अंधशाळेच्या वसतिगृहात शिकलो. पंधरा वर्षांनी कॉम्प्युटरवरचे स्ट्रॅटेजी गेम अंधांना खेळता यावेत म्हणून मॉड, म्हणजे तयार गेमला बाहेरून जोडायचा कोड, लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग या एका नियमाचा झाला. या कामात येऊ पाहणाऱ्या डोळस आणि अंध, दोघांसाठी लिहितो आहे.

पाळीपाळीने खेळायच्या गेममध्ये घाई नसते. म्हणून बाहेरच्यांना वाटतं, स्क्रीनवर आहे ते वाचून दाखवलं की काम झालं. माझ्या डोळस मित्रालाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघं मिळून काम करायचो. त्यानं पहिल्याच आठवड्यात नकाशा बोलता केला. चाळीस बाय तीसचा नकाशा, म्हणजे १२०० घरं. कर्सर एका घरावर नेला की आवाज यायचा : ‘स्तंभ बारा, ओळ सात, गवताळ मैदान, हालचालीचा खर्च एक, संरक्षण चाळीस टक्के, शत्रूचा तिरंदाज.’ शत्रू सगळ्यात शेवटी! मी विचारलं, “तू नकाशाकडे बघतोस तेव्हा आधी काय बघतोस रे?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “शत्रू कुठं आहे ते. मग माझं कोण अडचणीत आहे ते. गवत वगैरे मी बघतच नाही.”

डोळस खेळाडूलाही सगळं एकदम दिसत नाही. त्याचे डोळे सतत प्रश्न विचारत असतात आणि उत्तर क्षणात मिळतं, म्हणून प्रश्न विचारल्याचं त्याला जाणवत नाही. आपण त्या प्रत्येक प्रश्नाला कीबोर्डवरची एक कळ द्यायची. त्या संध्याकाळी आम्ही कोड बंद केला. मित्र त्याचा नेहमीचा डाव खेळला आणि नजर जिथं जाईल ते मोठ्यानं बोलत गेला. मी लिहून घेत होतो. दोन तासांत वीसेक प्रश्न निघाले. सगळ्यात जवळचा शत्रू कोण? अजून कोण हललेलं नाही? इथून मी कुठवर पोचेन? इथं थांबलो तर मला कोण मारू शकेल? मॉडचा आराखडा या यादीतूनच आला. तुम्हीही कोडच्या आधी ही यादी करा, आणि घाईत उरकू नका.

यादीतून पहिली गोष्ट तयार झाली ती शोधयंत्रासारखी. शत्रू, आपलं सैन्य, गावं, खाणी असे गट, आणि प्रत्येक गटात जवळचं आधी. ‘तिरंदाज, पूर्वेला तीन, उत्तरेला दोन’ एवढंच ऐकायला येतं. जास्त हवं असेल तर दुसरी कळ. घराची माहिती सांगण्याचा क्रमही उलटा केला : आधी कोण, मग कुणाचं, मग जमीन, आकडे सर्वांत शेवटी. कळ दाबली की आधीचं बोलणं तिथंच तुटलं पाहिजे. आमच्यातले बरेच जण एवढ्या वेगानं ऐकतात की डोळस माणसाला शब्द सुटे करता येत नाहीत, आणि आपल्याला नको ते संपायची वाट बघणं फार जिवावर येतं.

आता खुंटीचा नियम. बघणं आणि करणं वेगवेगळ्या कळांवर ठेवा. आमच्या पहिल्या आवृत्तीत कर्सर फिरवता फिरवता एंटर दाबला की निवडलेली तुकडी सरळ चालू पडायची. सोलापूरचा एक कॉलेजचा मुलगा आमच्यासाठी खेळून बघायचा. तो म्हणाला, “दादा, मला नकाशा बघायची भीतीच वाटते.” माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी अंध असूनही झाली. मग आम्ही चाचपायचा कर्सर वेगळा केला, आणि तुकडी ‘उपसायला’ स्वतंत्र कळ दिली.

पटावरून आणखी एक गोष्ट घेतली. आमच्या स्पर्धांमध्ये चाल मोठ्यानं सांगतात आणि समोरचा ती पुन्हा उच्चारतो. उभ्या पट्ट्यांना अॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावं असतात, म्हणजे ऐकण्यात घोळ होत नाही. गेममध्येही केलेल्या हुकमाची पोच मिळायला हवी. कॉम्प्युटरच्या पाळीत पंधरा गोष्टी घडतात, त्या एका दमात ऐकवून संपवू नका. नोंदवहीसारख्या साठवा, मागे-पुढे जाऊन ऐकता आल्या पाहिजेत.

एक सावधगिरी. मॉडला गेमच्या पोटातली सगळी माहिती मिळते, नकाशाच्या अजून न दिसलेल्या भागात, धुक्याआड लपलेला शत्रूसुद्धा. आमचं शोधयंत्र एकदा तोही सांगून बसलं. सोलापूरचा तो मुलगा सलग चार डाव जिंकला, मग कारण कळल्यावर फार हिरमुसला. डोळसाला जेवढं दिसतं तेवढंच आम्हाला कळावं. कमी नको, तसं जास्तही नको.

तंत्राचं थोडक्यात. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. गेमच्या खिडकीत त्याला सहसा काहीच सापडत नाही, कारण तिथं नुसतं चित्र असतं. त्यामुळे मजकूर आपणच स्क्रीन रीडरकडे पाठवायचा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, आणि त्याच्याकडे वाक्य पाठवायची सोय आहे. टोल्क ही लायब्ररी वापरली तर जॉजसारखे इतर स्क्रीन रीडरही सांभाळले जातात. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज घालू नका. खेळणाऱ्यानं आपल्या कानाला जुळेल असा आवाज आणि वेग आधीच निवडलेला असतो. नवा गेम लिहिणार असाल तर गोडो या गेम बनवायच्या इंजिनाच्या ४.५ आवृत्तीत, म्हणजे २०२५ पासून, स्क्रीन रीडरची सोय इंजिनातच आली आहे. मॉडचं दुखणं वेगळं : गेमचा अपडेट आला की तो मोडतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत लोकांचे डाव अडकून पडतात. ही जबाबदारी घ्यायची तयारी असेल तरच मॉड लोकांच्या हाती द्या.

शिकायला आधी इतरांचं काम ऐका. साउंडआरटीएस तर वेळेशी झुंजायचा खेळ, तरी तो पूर्ण आवाजावर चालतो. नकाशा मोठ्या चौकोनांत विभागलेला, बाणांनी चौकोन बदलायचा, टॅबनं आतल्या वस्तू ऐकायच्या. तो पायथॉनमध्ये आहे आणि कोड खुला आहे. फॅक्टोरिओ या कारखाने उभारायच्या गेमसाठी अंधांचा मॉड आहे, फॅक्टोरिओ अॅक्सेस. त्याचाही कोड वाचा. तिथं गेमच्या आतला मॉड बोलत नाही, तो नुसता मजकूर बाहेर सोडतो आणि वेगळा प्रोग्राम तो ऐकवतो. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर मुंबईचे चारुदत्त जाधव. स्वतः अंध बुद्धिबळपटू, देशभरातल्या अंध बुद्धिबळपटूंची संघटना त्यांनी उभी केली आणि टॉक६४ हा बोलणारा बुद्धिबळाचा प्रोग्रामही केला. खेळणाराच बनवणारा झाला की काय होतं, ते तिथं दिसतं.

डोळस मित्रांनो, डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटं खेळलात म्हणजे चाचणी झाली असं समजू नका. नकाशा तुम्हाला आधीच पाठ असतो. माउस काढून ठेवा, एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन, म्हणजे स्क्रीन काळी करणारी सोय, लावून आठवडाभर कामं करा, आणि तरीही खेळून बघायला अंध माणसंच बोलवा. त्यांना त्या वेळेचे पैसे द्या. नोकरीच्या वाटेवर बहुतेक जण आधी वेबसाइट आणि अॅपच्या अॅक्सेसिबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे ती अंधांना वापरता येतात का हे तपासण्याच्या कामात, शिरतात. माझंही पोट त्यावरच चालतं, गेम रात्रीचे. मुलाखतीत मात्र त्या मॉडबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं गेलं.

गेल्या महिन्यात सोलापूरहून फोन आला. “दादा, हरलो.” मी घाबरून विचारलं, काय वाचलं नाही? तो म्हणाला, “नाही, सगळं नीट ऐकू आलं. उत्तरेची खिंड मीच मोकळी सोडली. आज परत लावतो.”