ब्लॅकआउटच्या वस्तू जमवताय? या चुका टाळा

घासू नका. सोलापुरात युद्धकाळातल्या नागरी संरक्षणाच्या वस्तू जमवणारी नवी मंडळी भेटली की मी पहिलं हेच सांगतो. तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी वॉर्डनची (गल्लीत ब्लॅकआउट पाळला जातोय का ते बघणाऱ्या स्वयंसेवकाची) पितळी शिट्टी चिंच-मिठानं लख्ख करून आणतंच.

मागच्या उन्हाळ्यात साखर पेठेतल्या एका आजींनी कंदील दिला. डिसेंबर १९७१ मध्ये त्या मुंबईला, गिरणगावातल्या चाळीत राहायच्या. यजमानांनी ब्लॅकआउटसाठी, म्हणजे शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून, काचेला काळा रंग फासून खाली बोटभर पट्टी मोकळी ठेवलेली, पायापुरता उजेड पडावा म्हणून. रंगात ब्रशचा एक केस अडकून वाळला होता. माझ्याबरोबरच्या पोरानं "साफ करून आणतो" म्हणत कंदील घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी राखेनं घासून चकचकीत काच माझ्या हातात दिली. बराच वेळ मला बोलवेना. आजींना सांगायला आठवडा लागला. मी मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ झटकतो, बस्स. त्यापुढे हात लावत नाही.

विकणारा "पासष्टच्या लढाईतलं आहे" म्हणाला की लगेच पैसे काढू नका. केशरीवर निळा त्रिकोण हे नागरी संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं ठरवलं. ते छापलेली दंडावरची पट्टी कुणी १९६५ ची म्हणून दिली तर मी परत ठेवतो. कागदावर छापलेल्या पत्त्यात पिनकोड असेल तर तो १९७१ च्या युद्धातला नाही, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. किंमत 'नये पैसे' अशी असेल तर छपाई साधारण १९५७ ते १९६४ मधली, म्हणजे १९६२ च्या, चीन युद्धावेळच्या आणीबाणीशी जुळू शकते. भिंग घेऊन दहा मिनिटं बसायची तयारी नसेल, तर विकत घेऊच नका.

जुनी पत्रकं, पास, रेशनकार्डं लॅमिनेट करू नका. सेलोटेपही नको.

दुसऱ्या महायुद्धातला गॅस मास्क फोटोसाठी तोंडावर चढवू नका. त्या काळच्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा.

आणि वस्तू हातात आली की कुणाची, कुठली, कधीची हे त्याच दिवशी पेन्सिलीनं लिहा. आजींचं सांगणं मी लिहून त्या कंदिलाच्या कडीला बांधलंय. काचेच्या वरच्या काठाला, तारेखाली, नखाएवढा काळा रंग राहिलाय.