मास्क उचला आणि नाक बघा
बायपॅपवरच्या (मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवरच्या) आजींचा लीकचा, म्हणजे हवा गळतेय सांगणारा, अलार्म रात्रभर कोकलत होता. मी पट्टा आवळला. तासाभरानं पुन्हा आवळला. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, मास्क काढला, तर नाकाच्या दांडीवर जांभळा डाग आणि मधोमध साल निघालेली. डागाचा आकार हुबेहूब मास्कच्या कडेचा. बेडसोअर, म्हणजे दाबानं होणारी जखम, म्हटलं की आपण माकडहाड बघतो, आणि इथे जखम चेहऱ्यावर, माझ्याच हातानं झालेली. कवळी काढून ठेवल्यानं आजींचे गाल आत गेले होते, वर मास्क एक साइज मोठा. कितीही आवळला असता तरी तो बसणार नव्हता.

आयसीयूत नव्या आलेल्या मुलींना म्हणून मी आधी साइज बघायला लावते, मग पट्टा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. थोडी हवा गळली तर मशीन भरून काढतं. ती डोळ्यांत जात नाही ना, एवढं बघा. लीक फारच असेल तर आवळत बसू नका, डॉक्टरांना सांगा. फोमचं पातळ ड्रेसिंग मास्क चढवण्याआधीच नाकावर लावा. गॉजच्या घड्या मात्र कोंबू नका, त्यानं दाब उलट वाढतो.

शिफ्टमध्ये निदान दोनदा पेशंटला लावलेली प्रत्येक वस्तू उचलून किंवा सरकवून खालची कातडी बघायची. पेशंटला सूज असेल तर आणखी जास्त वेळा, कारण सकाळी सैल असलेली दोरी संध्याकाळी रुतते. ऑक्सिजनच्या नळीसाठी कानामागे बघा, तिथे केसांत जखम लपते. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) नाकपुडीला ओढून चिकटवू नका. पल्स ऑक्सिमीटरचं बोट दर चार तासांनी बदला. व्हेंटिलेटरची ट्यूब ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची तर दोघी लागतात: एकीनं ट्यूब धरायची, दुसरीनं पट्टी बदलायची, आणि ओठाशी सेंटिमीटरचा आकडा आधी होता तोच आहे का, ते वाचायचं. मानेची कॉलर एकटीनं कधीच सोडायची नाही.

आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. बोटांच्या मागच्या बाजूनं चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम लागतंय, कडक लागतंय, पेशंट हात झटकतोय, तर तिथे दाब बसतोय. ती जागा चोळू नका. नातेवाईक प्रेमानं खोबरेल आणतात. ऑक्सिजनच्या मास्कखाली ते नको, आणि त्यावर ड्रेसिंगही टिकत नाही.

कूस बदलताना चादरीवरून हात फिरवा. परवा एका आजोबांच्या पाठीखाली सुईचं टोपण निघालं. मावशींनी पाठ धरली तेव्हा त्याचा ठसा दिसला, टोपणावरच्या उभ्या रेघांसकट. तासाभरात विरला, पण मी तो फाइलवर वेळ घालून लिहिला आणि ओव्हरमध्ये सांगितला.