नव्या घराचं कुलूप: दुकानात जाण्याआधी दाराची कड मोजा

घराचा ताबा मिळाला की कुलूप बदलायचं, हे कोणी सांगावं लागत नाही. बिल्डरचा माणूस, रंगारी, टाइल्सवाला, सुतार, सगळ्यांच्या खिशातून किल्ली फिरून आलेली असते. जुनं घर घेतलं असेल तर आधीच्या मालकाच्या भाच्याकडेही एक असतेच. चूक होते ती पुढे. माणूस इंदूरच्या सियागंज बाजारात जातो, "सबसे मज़बूत वाला दिखाओ" म्हणतो आणि एक जडशीळ खोकं उचलून आणतो. ते दारात बसत नाही, मग सुतार पटाशी घेऊन दार कोरत सुटतो. कोरून कोरून पातळ झालेल्या दारात महागातलं कुलूप बसवलं तर खांद्याच्या एका धक्क्यात कुलूप शाबूत राहतं आणि लाकूड फाटतं.

दारात आधीच मॉर्टिस कुलूप असेल, म्हणजे कडेतून आत बसवलेलं, तर बहुतेक वेळा सगळं काढायची गरजच नसते. त्याचे तीन भाग असतात: दारात गाडलेली बॉडी, दोन्हीकडची हँडलं आणि किल्ली जाते तो सिलेंडर. किल्ली ओळखतो तो फक्त सिलेंडर. बॉडी नीट चालत असेल आणि किल्ली दोन वेळा फिरवल्यावर तिचा बोल्ट, म्हणजे चौकटीत शिरणारा दांडा, २० मिमीच्या आसपास बाहेर येत असेल, तर नुसता सिलेंडर बदला. दहा मिनिटांचं काम आहे, सुतारही लागत नाही. बॉडीच बदलायची झाली तर तीन मापं हवीत: दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, हँडलच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर (आपल्याकडे बहुधा ८५ मिमी) आणि कडेच्या पट्टीची लांबी-रुंदी. जुनी बॉडी बरोबर न्या आणि दुकानदाराच्या "आ जाएगा साहब"वर विसंबू नका. नवीन बॉडीवर आयएस २२०९ आहे का बघा. मॉर्टिस कुलुपांचं भारतीय मानक तेच.

दार ३० मिमीचं असेल तर मॉर्टिसच्या नादी लागू नका. बॉडीला साधारण १५ मिमीची खाच लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-साडेसात मिमी लाकूड उरतं. अशा दाराला आतून बसणारं तीन बोल्टचं नाइट लॅच बरं. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या दुपाखी दारांचं वेगळंच दुखणं: कुलूप ज्या पाखीत अडकतं ती पाखी वरखाली दोन टॉवर बोल्टवर, म्हणजे सरकत्या खिट्ट्यांवर, उभी असते. ते बोल्ट निदान आठ इंची नसतील आणि उंबऱ्यात व वरच्या लाकडात खोल जात नसतील, तर कुलूप कुठलंही लावा, दोन्ही पाखी एकदमच उघडतात.

आता सिलेंडरचं माप. इथे सगळे अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

"दाराची जाडी मोजा आणि तेवढा सिलेंडर आणा" हा सल्ला जो देतो त्याने सिलेंडर कधी बदललेला नाही. सिलेंडरला दाराची जाडी आणि दोन्हीकडच्या हँडलच्या पट्ट्या यांच्यातून आरपार जायचं असतं. शिवाय तो मधोमध बसेलच असंही नाही. म्हणून माप एक नसतं, दोन असतात, आणि ती जुना सिलेंडर काढूनच घ्यायची.

दार उघडं ठेवा. कडेच्या पट्टीवर किल्लीच्या भोकाच्या रेषेत एक एकटा स्क्रू दिसेल, तो पूर्ण काढा. आता सिलेंडर ओढलात तर येणार नाही, आणि इथेच लोक हातोडी शोधतात. हातोडी ठेवून द्या. सिलेंडरच्या पोटाखाली एक फिरता दात असतो, त्याला कॅम म्हणतात. किल्ली काढलेली असताना तो तिरका उभा असतो आणि बॉडीत अडकतो. किल्ली घाला, बारावरचा काटा अकरावर किंवा एकवर जाईल इतकीच फिरवा आणि फिरवता फिरवता हलकेच ओढा. दात रेषेत आला की अख्खा तुकडा ओल्या साबणासारखा हातात घसरतो. जोर लावावा लागत असेल तर दात रेषेत आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तो तुकडा आडवा धरा. मधोमध स्क्रूचं भोक दिसेल. त्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या टोकापर्यंत एक माप, आतल्या टोकापर्यंत दुसरं. ३०/३० आलं तर ६० चा सिलेंडर, ३५/३५ आलं तर ७० चा. दोन्ही मापं वेगळी आली तर बाहेरची कोणती ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. ३५/३० आणि ३०/३५ यांत फरक आहे, नॉबवाल्या, म्हणजे आतून किल्लीऐवजी हाताने फिरवायची मूठ असलेल्या, सिलेंडरला तर फारच.

जुना सिलेंडरच चुकीचा असू शकतो, म्हणून गणितानेही ताडून पाहा. दार ३५ मिमीचं, बॉडी मधोमध, हँडलच्या पट्ट्या १० मिमीच्या: प्रत्येक बाजूला साडेसतरा अधिक दहा, म्हणजे साडेसत्तावीस. ३०/३० चा सिलेंडर दोन्हीकडे अडीच मिमी बाहेर राहील, छान. पण वास्तुशांतीच्या आधी दाराच्या बाहेरच्या अंगावर कोरीव कामाचा ६ मिमीचा पत्रा ठोकला असेल, तर बाहेरची बाजू साडेतेहतीस होते. आता ३०/३० चा सिलेंडर बाहेरून साडेतीन मिमी आत खोल जातो. किल्लीचा खांदा पट्टीवर आपटतो, किल्ली पूर्ण आत जात नाही, आणि एक दिवस जोर लावताना अर्धी आतच मोडते. इथे ३५/३० हवा. दुकानात ६० आणि ७० लगेच मिळतात, ६५ बऱ्याचदा मागवावा लागतो. मागवा. "७० लगा लो, थोड़ा बाहर रहेगा तो क्या हुआ" हे ऐकू नका.

इथे तो आतून साडेसात मिमी बाहेर येईल, आणि पत्रा नसलेल्या दाराला बाहेरूनही तेवढाच. बाहेरून असं डोकावणंच घातक असतं. सिलेंडर सगळ्यात कमजोर असतो तो मध्ये, जिथे स्क्रूचं भोक आणि दाताची खाच एकत्र येतात. बाहेर पकडायला जागा मिळाली की पान्याने धरून तो तिथेच मोडता येतो, आणि मग आतला दात स्क्रूड्रायव्हरने फिरतो. म्हणून बाहेरून ३ मिमीपेक्षा जास्त काहीही डोकावू देऊ नका. मोडला तरी पुढचाच तुकडा निघून यावा अशी खाच पाडलेले सिलेंडर मिळतात. ते अँटी-स्नॅप म्हणून मागा.

दुकानदार विचारेल, "बोथ साइड की या नॉब?" माझं मत ठाम आहे: मुख्य दाराला आतून नॉब. रात्री शॉर्टसर्किट होऊन घर धुराने भरलं तर कोणी किल्ली शोधत बसू नये. अपवाद एकच. दाराला काच असेल, किंवा शेजारच्या खिडकीतून हात घालून नॉबपर्यंत पोचता येत असेल, तर दोन्हीकडे किल्ली घ्या आणि आतली किल्ली खिडकीपासून लांब, पण घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या खुंटीवर ठेवा. दोन्हीकडे किल्ली घेताना आणखी एक विचारा: आत किल्ली लावलेली असताना बाहेरून उघडतं का? साध्या सिलेंडरचं उघडत नाही. आजी दुपारी आतून किल्ली फिरवून ती तशीच ठेवून झोपतात आणि बाकीचं घर बाहेर उभं राहतं. यासाठी इमर्जन्सी क्लच असलेला सिलेंडर येतो.

करवतीसारख्या दात्यांची किल्ली रस्त्याकडेचा कोणीही पाच मिनिटांत कापून देतो. खळगे असलेली, बाजारात जिला कॉम्प्युटर किल्ली म्हणतात ती घ्या. तिच्यासोबत कोडचं कार्ड येत असेल तर उत्तम. कार्ड किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवू नका. किल्ल्यांचं पाकीट सीलबंद नसेल तर दुसरं मागा. काही संचांत मिस्त्रीची किल्ली वेगळी येते आणि मालकाची किल्ली एकदा फिरवली की ती निकामी होते. घरात काम चालू असेल तर हे फार सोयीचं.

बसवायला उलटा क्रम. स्क्रू आवळा, पण किल्ली जड फिरायच्या आत थांबा. दार उघडं ठेवून प्रत्येक किल्लीने दहा वेळा बोल्ट आतबाहेर करा. त्याआधी दार लावलंत आणि कुलूप अडलं, तर पुढचं दहा मिनिटांचं काम तीन तासांचं होतं.

आणि आता ज्याकडे सुतारही बघत नाहीत ते: चौकटीतली खाच. बोल्ट २० मिमी बाहेर येतो, पण खाच कोरलेली असते दहा-बारा मिमी. मग किल्ली दुसऱ्यांदा फिरत नाही, घरचे "एकदाच फिरतं आपलं" म्हणून सोडून देतात आणि वर्षानुवर्षं अर्ध्या बोल्टवर झोपतात. बोल्टच्या टोकाला ओल्या कुंकवाचं बोट लावा, दार लावून किल्ली फिरवा, आणि खाचेत डाग कुठे उमटतो ते पाहा. खाच २५ मिमी खोल करून घ्या. त्यावरच्या पट्टीसोबत आलेले १६ ते २० मिमीचे स्क्रू फेकून द्या आणि ५० मिमीचे लावा. साल किंवा सागाच्या चौकटीत आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण घासा, नाहीतर सालच्या लाकडात स्क्रूचं डोकं तुटून हातात येतं. चौकट लोखंडी असेल तर लाकडाचे स्क्रू चालत नाहीत, आटे पाडून मशीन स्क्रू लावावे लागतात.

जून-जुलैत दार फुगलं, बोल्ट वर-खाली अडला, की कानस घेऊन पट्टीचं भोक मोठं करू नका. मे महिन्यात तेच दार वाळून कुलूप खुळखुळतं. आधी वरची बिजागरी तपासा, दार बहुधा तिथून झुकलेलं असतं. तिचा एक स्क्रू ६५ मिमीचा लावला की बऱ्याचदा दार जागेवर येतं.

इंदुरात मुख्य दाराबाहेर जाळीचं दार असतंच. नवीन हँडल घेण्याआधी दोन दारांमधली जागा मोजा. पाच इंची चौकटीत ३५ मिमीचं लाकडी आणि ३० मिमीचं जाळीचं दार बसलं की मध्ये साधारण ६० मिमी उरतात. वळणदार हँडल तेवढंच बाहेर येतं आणि जाळीच्या दाराला ठोकर देतं.

बाहेरून अल्ड्रॉप, म्हणजे कुलूप अडकवायची मोठी कडी, आणि त्यावर टांगतं कुलूप नको. दिवाळीत आठ दिवस पुण्याला गेलात की "घरात कोणी नाही" ही पाटीच ती. बोटाच्या ठशांची डिजिटल कुलुपं हवी असतील तर घ्या, पण साधी किल्ली लागणारं आणि बॅटरी संपल्यावर बाहेरून वीज देता येणारं घ्या. त्याची किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा मामांकडे ठेवा, घरातल्या कपाटात नको.

किल्ली जड जायला लागली तर खोबरेल, शिलाईयंत्राचं तेल, काही म्हणजे काही ओतू नका. तेलात धूळ बसते आणि आतल्या पिना चिकटतात. मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंवर घासा आणि ती पाच-सहा वेळा आतबाहेर करा.