एजंटला कादंबरी पाठवताय? आधी या चुका टाळा

मराठीत पुस्तक काढायचं तर आपण थेट प्रकाशकाला फोन करतो, कुणाच्या ओळखीने हस्तलिखित नेऊन देतो, मधे एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारा माणूस, सहसा नसतोच. पण तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल किंवा मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करत असाल, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकांकडे जायचं असेल तर एजंट लागतो, कारण तिथले बहुतेक मोठे प्रकाशक थेट आलेलं हस्तलिखित वाचतच नाहीत. आणि इथे चांगलं लिहिणारी माणसं अगदी साध्या गोष्टींवर बाद होतात, ते बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात आधी, अर्धवट कादंबरी पाठवू नका. एजंटने पूर्ण हस्तलिखित मागितलं आणि तुमच्याकडे सातच प्रकरणं असली की विषय संपला. नॉनफिक्शनचं वेगळं आहे, तिथे बुक प्रपोजल (पुस्तकाचा आराखडा मांडणारा प्रस्ताव) आणि एकदोन नमुना प्रकरणांवर काम भागतं (आत्मकथन मात्र बहुतेक जण पूर्णच मागतात). लांबीही बघा, मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी साधारण 80 हजार ते 1 लाख शब्दांत बसते, दोन लाखांचा आकडा बघून बरेच जण पुढे वाचतच नाहीत.

आता एजंट शोधायचा कसा. कुठली तरी जुनी यादी डाउनलोड करून सगळ्यांना एकच मेल ढकलणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण यादीतला एजंट एजन्सी सोडून गेलेला असतो, किंवा सध्या नवीन काम घेत नसतो, किंवा फक्त लहान मुलांची पुस्तकं बघतो. क्वेरीट्रॅकर या साइटवर कोण सध्या क्वेरी (एजंटला पाठवायचं विचारणापत्र) घेतंय ते दिसतं, मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट या साइटवर एजंट स्वतः काय हवंय ते लिहितात, पण शेवटचा शब्द एजन्सीच्या स्वतःच्या साइटवरचा धरा, तोही पाठवायच्या दिवशीच बघून. माझं मत विचाराल तर मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा जुन्या, चांगल्या एजन्सीत नुकताच रुजू झालेला ज्युनियर एजंट शोधा. त्याला स्वतःची लेखकांची यादी उभी करायची असते म्हणून तो खरंच वाचतो, आणि पाठीशी अनुभवी माणसं असतात. एकाच एजन्सीतल्या दोघांना एकाच वेळी मात्र पाठवू नका.

अमेरिका आणि ब्रिटनची पद्धत वेगळी आहे, तिथेही गडबड होते. अमेरिकेत क्वेरी लेटर आणि बहुतेक वेळा पहिली पाच-दहा पानं, तीही मेलमध्येच पेस्ट करून किंवा फॉर्ममध्ये भरून, न मागितलेली अटॅचमेंट बरेच जण उघडत नाहीत. ब्रिटनमध्ये कव्हरिंग लेटर, सिनॉप्सिस (कथानकाचा सारांश) आणि पहिली तीन प्रकरणं. सिनॉप्सिसमध्ये शेवट लपवायचा नसतो, कोण मेलं कोण वाचलं सगळं सांगायचं. आणि पत्रात लहानपणापासून लिहायची आवड, कॉलेजचं बक्षीस वगैरे नको, गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, एवढं तीनशे शब्दांच्या आसपास बसवा.

अनुवादकांसाठी एक महत्त्वाचं: मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी नसताना नमुना पाठवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, ब्रिटनमध्ये 70, त्यामुळे "लेखक जाऊन खूप वर्षं झाली" एवढं पुरत नाही.

पैशांबद्दल तर कळकळीने सांगतो. मराठीत लेखकाने पैसे घालून पुस्तक काढणं इतकं सरावाचं झालंय की कुणी वाचायची फी मागितली तर आपल्याला खटकतच नाही. एजंट तुमच्याकडून आगाऊ काही घेत नाही. पुस्तक विकलं गेलं की साधारण 15 टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा 20 टक्के कमिशन, आणि तेही आलेल्या रकमेतून कापून. असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्सच्या नियमांत सदस्यांना वाचनाची फी घ्यायला मनाई आहे. तुम्ही काही पाठवलेलंच नसताना "तुमचं पुस्तक आवडलं" म्हणून जीमेलवरून नामांकित एजंटच्या नावाने मेल आला तर एजन्सीच्या साइटवरचा पत्ता जुळवून बघा, लेखकांना फसवणुकीबद्दल सावध करणाऱ्या रायटर बिवेअर या साइटवर नाव शोधा, मगच उत्तर द्या.

उत्तरं येत नसतील तर गाडी कुठे अडतेय ते बघा. एकदम पन्नास जणांना न पाठवता आठ-दहांच्या तुकड्या करा. सगळीकडून शांतता असेल तर पत्रात, पहिल्या पानांत किंवा एजंटच्या निवडीत गडबड आहे. पूर्ण हस्तलिखित मागून नकार येत असेल तर पत्र आपलं काम करतंय, अडचण पुढे कादंबरीत आहे, मग पत्र पुन्हापुन्हा बदलून उपयोग नाही. "उत्तर नाही म्हणजे नकार" असं साइटवर लिहिलं असेल तर आठवण करू नका, नाहीतर दिलेली मुदत उलटल्यावर एकदाच, दोन ओळींत विचारा.

आणि ऑफर आली की आनंदाच्या भरात लगेच हो म्हणू नका. ज्यांच्याकडे काम अजून आहे त्या सगळ्यांना कळवा, साधारण दोन आठवड्यांची मुदत द्यायची पद्धत आहे. तेवढ्यात ऑफर देणाऱ्याला विचारून घ्या की हस्तलिखितात काय बदल हवेत, कुठल्या प्रकाशकांकडे नेणार, आणि पुढे नाही जमलं तर करार किती दिवसांच्या नोटिशीवर मोडता येतो.