शेजारच्या मांजराने वाफा उकरला तर

आधी भांडायला जाऊ नका, माती बघा. मांजराला भुसभुशीत, कोरडी माती लागते, म्हणून नुकत्याच पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीवर पहिली धाड पडते. मी पेरणी झाली की वाफ्यावर खुराड्याची जाळी आडवी अंथरते आणि कडा विटांनी दाबते. कोंब जाळीतून वर येतात. चार बोटं वाढले की जाळी हलक्या हाताने काढायची. कुंड्यांतल्या मोकळ्या मातीवर करवंट्या पालथ्या घालायच्या. घाण केलेली असेल तर हातमोजे घालून ती मातीसकट काढा. वास राहिला की ते परत तिथेच येतं.

डांबरगोळ्या कधीच टाकू नका, मांजराच्या जिवावर बेततं. विष घालणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

मग शेजारी. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी दार वाजवा. "वहिनी, तुमचा बोका आमच्या वाफ्यात येतो. घरात वाळूचा ट्रे ठेवाल का?" एवढं पुरे. नसबंदी झाली नसेल तर तेही सुचवा. बोक्याचं भटकणं आणि भिंतीवर मूत फवारणं बरंच कमी होतं. खर्चाला थोडा हातभार लावायची तयारी दाखवलीत, तर वहिनी लवकर ऐकतील.