मेगामिंक्स सोडवताना कोणता थर आधी लावायचा?

मेगामिंक्स (रुबिक क्यूबसारखं फिरवून सोडवायचं, पण पंचकोनी बाजूंचं पझल) हातात आला की बहुतेक जण आधी बाजू मोजतात. बारा बाजू, बारा रंग, आणि तिथेच धीर सुटतो. बाजू मोजू नका, तुकडे मोजा. मधोमधचे १२ सेंटर आपली जागा सोडत नाहीत. हलतात ते ३० एज (कडेचे, दोन रंगांचे) आणि २० कॉर्नर (कोपऱ्याचे, तीन रंगांचे), म्हणजे एकूण ५० तुकडे. त्यांच्या शक्य रचना १ वर ६८ शून्यं द्यावीत इतक्या आहेत. पण आपल्याला त्या सगळ्यांशी काही देणंघेणं नाही. आपल्याला ५० तुकडे नीट क्रमाने बसवायचे आहेत, आणि हा क्रम चांगला निवडला तर पाठ करायचं ओझं फारच थोडं उरतं.

हा लेख ३×३ क्यूब सोडवता येणाऱ्यांसाठी आहे. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत सुट्टीत मुलं क्यूब घेऊन जमतात, तेव्हा ३×३ येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: "काका, पहिले दोन थर झाले, आता पुढे काय?" प्रश्न अगदी बरोबर जागी पडतो, कारण मेगामिंक्सची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आधी ५० तुकड्यांची वाटणी समजून घ्या

पांढरी बाजू खाली ठेवा. बहुतेक पझलवर तिच्या समोर, म्हणजे सगळ्यात वर, करडी बाजू असते. पांढऱ्याला लागून पाच बाजू आहेत, त्यांना आपण खालच्या पाच म्हणू. करड्याला लागून दुसऱ्या पाच आहेत, त्या वरच्या पाच. खालच्या आणि वरच्या बाजू एकमेकींत दातेरी बसलेल्या असतात.

आता खालून वर जा. पांढऱ्याभोवती ५ एज आणि ५ कॉर्नर आहेत. खालच्या बाजूंच्या मधल्या उभ्या फटींत ५ एज. इथवर १५ तुकडे झाले. अगदी वर करड्याचे ५ एज आणि ५ कॉर्नर, म्हणजे १०. उरले २५. अर्धं पझल मधल्या पट्ट्यात आहे! शिकवताना मात्र याच भागावरून घाईने पुढे जातात आणि करड्या बाजूच्या फॉर्म्युल्यांवर तासन्‌तास घालवतात. क्रमाचा विचार करायचा तो या २५ तुकड्यांसाठी.

सुरुवात पांढऱ्यापासून का

कोणत्याही बाजूपासून सुरुवात करता येते. तरी मी पांढऱ्याचाच आग्रह धरतो, आणि त्याचं कारण रंगांत आहे. नेहमीच्या १२ रंगांच्या मांडणीत पांढऱ्याभोवती गडद रंग असतात: लाल, हिरवा, जांभळा, पिवळा, निळा. करड्याभोवती त्यांचे फिके जोडीदार: केशरी, पोपटी, गुलाबी, क्रीम, आकाशी. घरच्या ट्यूबलाइटखाली क्रीम आणि पांढरा सहज एकसारखे दिसतात. पांढरे तुकडे सगळ्यात आधी बसवून टाकले की पुढे जो फिका तुकडा दिसेल तो क्रीमच, शंकेला जागा राहत नाही. नवीन घेणाऱ्यांनी ६ रंगांचा मेगामिंक्स टाळावा, असंही सांगेन. त्यात समोरासमोरच्या बाजू एकाच रंगाच्या असल्यामुळे एकसारखे दोन-दोन एज येतात आणि शेवटी विनाकारण गोंधळ होतो.

पहिले १५ तुकडे पटकन होतात. आधी पांढऱ्याचे पाच एज लावून चांदणी करा. प्रत्येक एजचा दुसरा रंग शेजारच्या सेंटरशी जुळायला हवा, हे विसरू नका. मग कॉर्नर आणि त्याच्या वरचा उभा एज जोडीने बसवा, ३×३ मध्ये बसवता तसेच. जोडी जमत नसेल तर आधी कॉर्नर बसवा आणि नंतर मधल्या थराच्या फॉर्म्युल्याने एज. त्या वेळी 'वरची बाजू' म्हणून त्या फटीच्या डोक्यावरची वरच्या पाचांतली बाजू धरायची. ३×३ पेक्षा इथे मोकळी जागा खूप जास्त असते, त्यामुळे हा टप्पा उलट सोपाच वाटतो.

मधले २५: क्रमाचे दोन पर्याय

वरच्या पाचांपैकी कोणतीही एक बाजू समोर धरा. पंचकोनाचं एक टोक खाली आहे. त्या टोकाला एक कॉर्नर, आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन तिरपे एज. हा तीन तुकड्यांचा 'व्ही'. असे पाच व्ही, म्हणजे १५ तुकडे. वरच्या दोन शेजारी बाजूंच्या मध्ये एक उभी फट असते, तिच्या तळाशी एक कॉर्नर आणि वर एक एज. अशा पाच जोड्या, म्हणजे १० तुकडे. झाले २५.

पहिला पर्याय थराथराने जाण्याचा. आधी पाचही व्हींची टोकं, म्हणजे ५ कॉर्नर. मग १० तिरपे एज. शेवटी ५ उभ्या जोड्या, आणि या जोड्या करडी बाजू वर धरून अगदी ३×३ सारख्याच बसतात. यात एका वेळी एकाच जातीचा तुकडा शोधायचा असतो आणि पुन्हा पुन्हा तीच कृती करायची असते. पहिल्यांदा सोडवणाऱ्याने हाच क्रम घ्यावा.

दुसरा पर्याय बाजूबाजूने जाण्याचा. एका बाजूचा व्ही पूर्ण करा, ३ तुकडे. लगतच्या बाजूचा व्ही करा आणि लगेच दोघींमधली उभी जोडी भरा, ५ तुकडे. अशाच आणखी दोन बाजू, पुन्हा ५ आणि ५. शेवटच्या बाजूला व्ही आणि दोन्हीकडच्या जोड्या, ७ तुकडे. यात वेग वाढतो, कारण डोळ्यांना एका वेळी ठरावीक दोन-तीन रंगच शोधायचे असतात, आणि सुरुवातीला तीन-चार बाजू मोकळ्या असल्यामुळे तुकडा आणायला लांबची वाट घ्यावी लागत नाही.

दोन्ही क्रमांत एक नियम पाळायचाच: व्हीच्या आधी त्याच्या शेजारची उभी फट भरायची नाही.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण मधला पट्टा सगळा याच्यावर चालतो. तिरपा एज बसवायची जागा खाली आहे आणि मोकळे तुकडे बहुतेक वेळा वर, करड्याजवळ आहेत. मग ती बाजू एक घर, म्हणजे फेरीचा पाचवा भाग, फिरवा. तिरपी जागा वर उभ्या फटीत येते आणि टोकाचा कॉर्नर बरोबर तिच्या खाली येऊन बसतो. आता समोर जे दिसतं ते ३×३ चा मधला थरच आहे: खाली लागलेला कॉर्नर, वर रिकामी जागा, आणि डोक्यावर करडी बाजू. नेहमीचा फॉर्म्युला करा, एज आत जाईल. बाजू एक घर उलट फिरवा, एज आपल्या तिरप्या जागी पोचतो आणि बाकी लागलेलं सगळं शाबूत राहतं. मात्र बाजू फिरवताना त्या फटीतली जोडी वर करड्या थरात जाते आणि फॉर्म्युल्यात मोडते. म्हणून ती फट रिकामी हवी. उभी फट म्हणजे वरून खाली उतरायची वाट आहे, ती शेवटी बुजवायची.

यातून दुसरी गोष्टही ठरते: बाजूबाजूने जाताना लगतच्याच बाजूकडे सरका, एकाच दिशेने. उड्या मारत गेलात तर एखादी न लागलेली बाजू दोन लागलेल्या बाजूंच्या मध्ये कोंडते, आणि तिथे दरवेळी दोन्हीकडची मोडतोड करून परत जुळवावं लागतं. सलग गेलं तर मोकळी जागा एकत्र राहते आणि तिचा उपयोग होतो.

सराव या २५ तुकड्यांचाच वेगळा करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर हा भाग तिथे छान होतो. घरून निघतानाच पहिले १५ लावून ठेवा आणि गाडीत फक्त व्ही आणि जोड्या करा. घड्याळ लावू नका. पुढचा तुकडा कुठे आहे हे हात थांबवायच्या आधी दिसतंय का, तेवढंच बघा.

करडी बाजू

इथे चार पायऱ्या, याच क्रमाने: एज सरळ करणे, एज जागी नेणे, कॉर्नर जागी नेणे, कॉर्नर फिरवणे. एज आधी, कारण कॉर्नरचे पुढचे फॉर्म्युले लागलेल्या एजना धक्का लावत नाहीत.

अक्षरं ३×३ चीच: एफ समोरची बाजू, आर उजवी, यू वरची; नुसतं अक्षर म्हणजे एक घर घड्याळाच्या दिशेने, प्राइम म्हणजे एक घर उलट. एज सरळ करायला ३×३ चाच एफ, आर, यू, आर-प्राइम, यू-प्राइम, एफ-प्राइम. करडी चांदणी दिसेपर्यंत तो वेगवेगळ्या बाजूंनी करा.

एज जागी न्यायला ३×३ चाच 'सून' (Sune) नावाचा फॉर्म्युला, पण इथे एक बारकावा आहे. ३×३ वर वरची बाजू दोन घरं कोणत्याही दिशेने फिरवली तरी तेच होतं. मेगामिंक्सवर एका फेरीची पाच घरं, त्यामुळे दोन घरं उजवीकडे आणि दोन घरं डावीकडे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून असं करा: आर, यू, आर-प्राइम, यू, आर, मग यू दोन घरं उलट, आर-प्राइम. यू एकदा, पुन्हा एकदा, आणि दोनदा मागे, म्हणजे हिशेब शून्यावर आला. समोरचा आणि डावीकडचा एज जागेवर राहतात, उरलेले तीन गोल फिरतात.

कॉर्नरसाठी: आर, यू दोन उलट, एल-प्राइम, यू दोन, आर-प्राइम, यू दोन उलट, एल, यू दोन. एल म्हणजे समोरच्या बाजूला डावीकडून लागून असलेली बाजू. तिचे दोन कॉर्नर हलत नाहीत, उरलेले तीन आपसांत जागा बदलतात, आणि एज जसेच्या तसे राहतात.

शेवटी चुकीच्या दिशेचा कॉर्नर समोर-उजवीकडे आणा आणि आर-प्राइम, डी-प्राइम, आर, डी हे तो सरळ होईपर्यंत करा. इथे डी म्हणजे पांढरी बाजू नव्हे. समोरची आणि उजवी या दोघींना खालून चिकटलेली बाजू डी धरायची. पुढचा कॉर्नर आणताना फक्त करडी बाजू फिरवा, पझल हातात वळवू नका. मधे खालचं सगळं विस्कटलेलं दिसेल. पाचवा कॉर्नर सरळ झाला की ते आपोआप जागेवर येतं.

१२ रंगांच्या पझलवर एकटा एकच एज उलटा राहणं, किंवा बाकी सगळं लागून फक्त दोन एज किंवा फक्त दोन कॉर्नर अदलाबदल झालेले असणं, फिरवून कधीच घडत नाही. कारण एका फिरवण्यात पाच एज आणि पाच कॉर्नर गोल फिरतात, आणि पाचांचं असं एक चक्र म्हणजे चार अदलाबदली, नेहमी सम. तसं दिसलं तर पझल कधीतरी उघडून चुकीचं जोडलं गेलेलं आहे. फॉर्म्युला पुन्हा पुन्हा करत बसू नका. वरचा थर अर्धा फिरवून तो एज अंगठ्याने अलगद उचला, नीट बसवा, आणि जिथे होतात तिथूनच पुढे सोडवा.