हिवाळी चढाईत हवा बिघडली, तर या चुका टाळा

परत फिरायची वेळ आधी न ठरवणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘दुपारी १ वाजता जिथे असू तिथून मागे’ हे आदल्या रात्री तंबूतच ठरवा. शिखर डोळ्यांसमोर आल्यावर भल्याभल्यांचा पाय मागे निघत नाही.

सकाळचं निळं आभाळ बघून निर्धास्त होऊ नका. तंबू जागचा हललेला नसताना अल्टिमीटरवरची (हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या यंत्रावरची) उंची रातोरात ४०-५० मीटरनी वाढलेली दिसली, तर हवेचा दाब घसरतोय, म्हणजे हवा बिघडू शकते असं समजा. नुसत्या तापमानावरही जाऊ नका. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या त्वचेला उणे २१ सारखी थंडी बोचते.

चढताना घामाघूम होईपर्यंत जाकीट अंगावर ठेवू नका. थांबलात की तोच घाम हाडं गोठवतो.

आता सोबत्याकडे नीट बघा. बडबड करणारा गप्प झालाय, पाय अडखळतायत, सॅकचं बक्कल दोन-तीनदा धरूनही लागत नाहीये? शरीराचं तापमान ३५ अंशांखाली जायला लागल्याची ही लक्षणं असू शकतात. अशा माणसाची हुडहुडी थांबली, की ‘बरं वाटतंय वाटतं’ म्हणून लोक पुढे चालू लागतात. घात होतो तो इथे. ऊब आलेली नसताना हुडहुडी थांबणं म्हणजे शरीर हरत चाललंय. त्याला आडोशाला घ्या, ओले कपडे बदला, खाली मॅट घालून स्लीपिंग बॅगमध्ये आडवं करा. नीट शुद्धीवर असेल तरच गरम, गोड काहीतरी प्यायला द्या. हातपाय चोळू नका, दारू तर अजिबात नको. हिमदंश झालेली बोटंही चोळायची नाहीत, आणि पुन्हा गोठण्याची भीती असेल तर ऊब देऊन वितळवायचीही नाहीत.

समोरचं दिसेनासं झालं तर अंदाजाने चालत राहू नका, आडोसा करून थांबा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

वादळ निवळताच उतरायची घाईही जिवावर बेतते. मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या २४ तासांत हिमस्खलनाचा धोका फार असतो, त्यातही ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर आणि वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या बाजूला. वाट तिथूनच जात असेल आणि अन्न, इंधन पुरत असेल, तर आणखी एक दिवस तंबूतच काढा.